तुरुंगाचे कंत्राट : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही नफ्यासाठी चालवल्या जाणाऱ्या खासगी तुरुंगांविषयी एक छोटे टिपण छापले होते. शिक्षेची अंमलबजावणी सरकारने कंत्राटावर द्यावी का, एवढाच प्रश्न त्यात मांडला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : शिक्षा तर न्यायालयच देते. मग तुरुंग ‘खासगी’ होतो म्हणजे नेमके काय होते?

उत्तर : कोणाला आणि किती काळ डांबायचे हे न्यायालयच ठरवते. खासगी होते ते त्यापुढचे सारे. सरकार कंपनीशी करार करते आणि बहुतेक करारांत दर कैद्यामागे, दर दिवसाला ठरावीक रक्कम देते. त्या रकमेत पहारेकरी नेमणे, जेवण, औषधपाणी, कोठड्यांची झडती, भेटींची व्यवस्था आणि शिस्तभंगाच्या नोंदी हे सगळे कंपनीने सांभाळायचे. त्यातून जे उरेल तो तिचा नफा. काही ठिकाणी इमारतही कंपनीच्याच मालकीची असते.

आजच्या स्वरूपातला हा व्यवसाय अमेरिकेत सुरू झाला. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे १९८३ साली ‘करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ ही कंपनी निघाली. २०१६ पासून ती ‘कोअरसिव्हिक’ या नावाने ओळखली जाते. मोटारी, घरे किंवा हॅम्बर्गर विकावेत तसेच हेही विकायचे असते, अशा अर्थाचे उद्गार तिचे एक संस्थापक टॉम बीझली यांनी १९८८ मध्ये काढले होते. कंपनीचे सुरुवातीचे काम ह्यूस्टन येथे स्थलांतरितांना स्थानबद्ध ठेवण्याचे होते आणि स्वतःची इमारत वेळेत तयार न झाल्याने तिने चक्क एक मोटेल भाड्याने घेऊन तेथे माणसे ठेवली. पुढे १९९० साली ऑस्ट्रेलियात बोरॅलन आणि १९९२ साली इंग्लंडमध्ये वोल्ड्स हे तुरुंग कंपन्यांकडे गेले. फ्रान्सने १९८७ च्या कायद्याने मधला मार्ग काढला. तेथे पहारा आणि तुरुंगाचे प्रशासन सरकारी नोकरांकडेच राहते. स्वयंपाक, दुरुस्ती, साफसफाई अशी कामे तेवढी कंपनीला दिली जातात.

अमेरिकेतील राज्ये आणि केंद्र मिळून असलेल्या शिक्षाधीन कैद्यांपैकी खासगी तुरुंगांत असतात ते सुमारे आठ टक्केच. स्थलांतरितांच्या स्थानबद्धतेत मात्र चित्र उलटे आहे, तेथे बहुसंख्य माणसे खासगी केंद्रांतच असतात. ज्यांना गुन्ह्याची शिक्षा म्हणून डांबलेले नसते, त्यांच्याच बाबतीत हे कंत्राट सर्वाधिक फोफावले आहे, हे आमच्या टिपणात ठळकपणे यायला हवे होते, असे एका वाचकाने लिहिले आहे आणि ते रास्त आहे.

प्रश्न : कंपनी तेच काम स्वस्तात करत असेल, तर करदात्याचे पैसे वाचतात. यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे?

उत्तर : पैसे वाचतात का, हे आधी पाहू. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बचत होते असा ठाम निष्कर्ष त्याला काढता आला नाही. तुलना अवघड होते त्याला एक साधे कारण आहे. अनेक कंत्राटांत गंभीर आजारी, मनोरुग्ण किंवा अतिधोकादायक कैदी कंपनीकडे पाठवले जात नाहीत. महागडे कैदी सरकारकडे आणि धडधाकट कैदी कंपनीकडे, अशी वाटणी झाल्यावर दरडोई खर्चाची तुलना करणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक करून घेणे होय.

बचत जेथे खरोखर होते तेथे ती बहुधा माणसांवर होते, कारण तुरुंगाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा असतो. लुइझियानातील एका खासगी तुरुंगात २०१४ च्या सुमारास पहारेकऱ्याला तासाला नऊ डॉलर मिळत होते. एवढ्या पगारावर अनुभवी माणूस टिकत नाही, नवा येतो आणि काही महिन्यांत जातो. आयडाहो राज्याच्या सर्वांत मोठ्या तुरुंगात तर माणसे नेमलीच गेली नव्हती. जागा रिकाम्या असताना पहारेकरी हजर होते अशा सुमारे ४,८०० तासांच्या खोट्या नोंदी झाल्याचे कंपनीने २०१३ मध्ये मान्य केले. हाणामाऱ्यांमुळे कैद्यांनी त्या तुरुंगाला ‘ग्लॅडिएटर स्कूल’ असे नाव दिले होते. २०१४ साली राज्याने तो आपल्या ताब्यात घेतला.

दुसरी गोष्ट अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. मिसिसिपी राज्यातील कैद्यांचा अनिता मुखर्जी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी तुरुंगातील कैद्याची सुटका सरासरी सुमारे ९० दिवस उशिरा होते, असे त्यात आढळले. न्यायालयाने शिक्षा वाढवलेली नव्हती. खासगी तुरुंगात शिस्तभंगाच्या नोंदी अधिक होत होत्या आणि दिवस वाढण्याचा संबंध या नोंदींशी दिसतो. कंत्राटातून होणाऱ्या बचतीपैकी निम्मी या वाढीव दिवसांतच संपत होती, आणि इतके दिवस जास्त आत काढूनही सुटल्यावर पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणात फरक पडलेला दिसला नाही.

प्रश्न : दोष खासगीकरणाचा नसून गचाळ कंत्राटाचा आहे. अटी नीट लिहिल्या, दंड आणि बक्षिसे ठरवली, तर कंपनी सरकारपेक्षा चांगला तुरुंग चालवणार नाही का? मी स्वतः अनेक वर्षे कंत्राटे तपासण्याचे काम केले आहे.

उत्तर : आलेल्या पत्रांतील हा सर्वांत तगडा युक्तिवाद आहे आणि इतिहासात त्याला आधारही आहे. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला कैदी नेण्याचे काम १७९० साली खासगी जहाजमालकांना दिले गेले. पैसे ठरले होते ते जहाजावर चढवलेल्या दर कैद्यामागे. तो जिवंत उतरतो की नाही याच्याशी त्या रकमेचा संबंध नव्हता. त्या ताफ्यातील सुमारे एक चतुर्थांश कैदी वाटेत मेले. शेजारी साखळदंडात जखडलेला माणूस मेला तरी त्याच्या वाट्याचे अन्न मिळत राहावे म्हणून इतर कैदी ते लपवून ठेवत, अशी वर्णने नोंदलेली आहेत. पुढे मोबदल्याचा काही भाग कैदी सुखरूप उतरल्यावर देण्याची अट आली, कालांतराने जहाजावर सरकारने नेमलेला डॉक्टर आला आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले. तेव्हा अटींनी फरक पडतो, हे मान्यच आहे.

पण या उदाहरणात काय मोजायचे होते ते पाहा. बंदरावर उतरलेली जिवंत माणसे कोणालाही मोजता येतात आणि ती मोजणारा जहाजमालकाचा नोकर नव्हता. तुरुंगात ज्या गोष्टींना महत्त्व असते त्या अशा धक्क्यावर उभ्या करून मोजता येत नाहीत. रात्री एखादा कैदी छातीत दुखते म्हणून हाक मारतो, तेव्हा पहारेकरी दोन मिनिटांत येतो की वीस मिनिटांत, हे कंत्राटात लिहिता येईल, परंतु वेळेची नोंद तोच पहारेकरी करणार आणि त्याला पगार देणारी कंपनी ती नोंद सरकारकडे पाठवणार. मारामाऱ्यांवर दंड ठेवला, तर मारामाऱ्या कमी होऊ शकतात किंवा त्यांच्या नोंदी कमी होऊ शकतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. आयडाहोतील तास हे याचेच उदाहरण. ब्रिटनमध्ये आरोपींच्या पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा लावून नजर ठेवण्याचे काम जी४एस आणि सर्को या कंपन्यांकडे होते. मरण पावलेल्या, पुन्हा तुरुंगात गेलेल्या किंवा देश सोडून गेलेल्या माणसांचीही बिले सरकारला लावली जात असल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. जी४एसने सुमारे १०९ दशलक्ष आणि सर्कोने ६८.५ दशलक्ष पौंड परत केले. हे सारे कंत्राट तपासणारे अधिकारी जागेवर असताना घडले, हे आपण कामाच्या अनुभवावरून ओळखालच.

आणखी एक कलम आहे, जे आपल्यासारख्या वाचकाने मुद्दाम शोधून वाचावे, ते म्हणजे भरतीची हमी. तुरुंगातील खाटा इतक्या टक्के भरलेल्या असतील आणि नसतील तर रिकाम्या खाटांचेही पैसे सरकार देईल, असे त्यात म्हटलेले असते. अमेरिकेतील ६२ कंत्राटे तपासणाऱ्या एका संस्थेला २०१३ मध्ये त्यांपैकी ६५ टक्के कंत्राटांत अशी हमी आढळली. प्रमाण बहुधा ८० ते १०० टक्के होते. ओहायो राज्याने २०११ साली आपला लेक इरी तुरुंग ७२.७ दशलक्ष डॉलरना कंपनीला विकला, तेव्हा ९० टक्के भरतीइतक्या पैशांची हमी वीस वर्षांसाठी दिली. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने ४८ राज्यांना पत्र पाठवून, तुमचे तुरुंग विकत घेतो, वीस वर्षांचा करार आणि ९० टक्के भरतीची हमी द्या, असे सुचवले. पुढील वीस वर्षांत गुन्हे कमी झाले, तर त्या यशाचा भुर्दंड सरकारी तिजोरीवर पडावा, अशी ही रचना आहे.

ॲरिझोनातील किंगमनचे प्रकरण या कलमाचे टोक दाखवते. तेथील खासगी तुरुंगातून जुलै २०१० मध्ये तिघे पळाले आणि त्यांपैकी दोघांनी न्यू मेक्सिकोत एका वृद्ध दांपत्याचा खून केला. कुंपणावरचा भोंगा उठसूट खोटा वाजत असल्याने कर्मचाऱ्यांनी त्याकडे लक्ष देणेच सोडून दिले होते, असे चौकशीत आढळले. सुरक्षा सुधारेपर्यंत राज्याने तेथे नवे कैदी पाठवणे थांबवले. त्यावर कंपनीने हमीच्या कलमाकडे बोट दाखवून दाव्याची भाषा केली आणि राज्याने रिकाम्या खाटांसाठी तीस लाख डॉलर मोजले. हे कंत्राट गचाळ नव्हते, कंपनीच्या वकिलांनी ते अगदी नीट लिहिलेले होते.

बक्षिसाची कल्पना मात्र मी पूर्णपणे मोडीत काढणार नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या दक्षिणेला २०१५ साली सुरू झालेल्या तुरुंगाच्या कंत्राटात, सुटलेले कैदी पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण सरकारी तुरुंगांपेक्षा कमी राहिले तर कंपनीला अधिक पैसे मिळतील, अशी तरतूद आहे. कल्पना चांगली आहे. पण त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याच कंपनीच्या ताब्यातील माउंट ईडन तुरुंगात कैद्यांच्या झुंजी लावल्या जात असल्याच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि सरकारला तो तुरुंग हाती घ्यावा लागला.

प्रश्न : सरकारी तुरुंग काय नंदनवन आहेत? तेथेही मारहाण, लाच आणि कोंदटलेल्या कोठड्या असतातच. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून कंपनीला संधी द्यायला काय हरकत?

उत्तर : सरकारी तुरुंगांची कीर्ती आम्ही गायलेली नाही. न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅटिका तुरुंग सरकारीच होता, जेथे १९७१ च्या उठावात ४३ माणसे मेली. स्वार्थही केवळ कंपन्यांनाच असतो असे नाही. कॅलिफोर्नियात तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत नेणाऱ्या १९९४ च्या कायद्याला सरकारी तुरुंगरक्षकांच्या संघटनेने पाठबळ दिले होते. ही गोष्ट खासगीकरणाचे विरोधक सहसा सांगत नाहीत.

तरीही वीट मऊ असल्याचा पुरावा मिळत नाही. अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्राच्या कंत्राटी आणि सरकारी तुरुंगांची तुलना केली. तपासलेल्या बहुतेक बाबींत, दरडोई पाहता, कंत्राटी तुरुंगांत सुरक्षेच्या घटना अधिक होत्या. दुसरे म्हणजे, सरकारी तुरुंगात काय चालले आहे हे विचारण्याचा नागरिकाला कायद्याने हक्क असतो. अमेरिकेचा माहितीचा केंद्रीय कायदा खासगी तुरुंगांना थेट लागू होत नाही. तो लागू करण्याची विधेयके २००५ पासून पुन्हा पुन्हा मांडली गेली आणि तशीच पडून राहिली. वाईट सरकारी तुरुंगाबद्दल निदान विधिमंडळात मंत्र्याला उभे करता येते. येथे मंत्री कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी व्यावसायिक गोपनीयतेकडे.

प्रश्न : तुरुंग भरावेत म्हणून कंपन्या न्यायाधीशांना लाच देतात, असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : एक प्रकरण खरे आहे. पेनसिल्व्हेनियातील लुझर्न परगण्यात मार्क सियाव्हरेला आणि मायकेल कोनाहन या दोन न्यायाधीशांनी खासगी बालसुधारकेंद्र बांधणाऱ्याकडून आणि त्याच्या एका सहमालकाकडून सुमारे २८ लाख डॉलर घेतले. क्षुल्लक कारणांवरून मुलांना वकिलाविनाच कोठडीत धाडले जात होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हजारो मुलांवरील निकाल रद्द केले आणि २०११ मध्ये सियाव्हरेला यांना २८ वर्षांची, तर कोनाहन यांना साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. मात्र या एका प्रकरणावरून सगळीकडे असेच चालते, असे म्हणता येणार नाही. लाच हा गुन्हाच आहे आणि तो पकडला गेला. अधिक विचार करायला हवा तो कायदेशीर गोष्टींचा. शिक्षा सौम्य झाल्या, पॅरोल सैल झाला किंवा काही कृत्ये गुन्ह्याच्या यादीतून वगळली गेली, तर आपल्या धंद्याला धोका आहे, असे या कंपन्या भागधारकांसाठीच्या वार्षिक अहवालात उघडपणे छापत आल्या आहेत. त्यात बेकायदा काहीच नाही.

प्रश्न : समजा, एखादा खासगी तुरुंग खरोखरच स्वच्छ, सुरक्षित आणि स्वस्त आहे. तरीही तो अनैतिक कसा?

उत्तर : हाच प्रश्न इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. तेथील संसदेने २००४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून एका खासगी तुरुंगाला परवानगी दिली आणि बीरशेबाजवळ इमारत उभीही राहिली. १९ नोव्हेंबर २००९ रोजी, तेथे एकही कैदी जाण्यापूर्वीच, न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी ती दुरुस्ती रद्द केली. मुख्य न्यायाधीश डोरिट बेनिश यांनी तुरुंग वाईट चालेल असे गृहीत धरले नाही. माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार नफ्यासाठी काम करणाऱ्या कंपनीच्या हाती जाणे, हाच स्वातंत्र्याच्या आणि प्रतिष्ठेच्या हक्काचा भंग आहे, अशी त्यांची मांडणी होती.

मला ही मांडणी पटते, परंतु ‘प्रतिष्ठा’ या शब्दावर ती फार भार टाकते. कैद्याला कमी गर्दीची कोठडी आणि वेळेवर डॉक्टर मिळत असेल, तर पहारेकऱ्याच्या बिल्ल्यावर कोणाचे चिन्ह आहे याची त्याला कितीशी फिकीर असेल, असे कोणीही विचारू शकेल. म्हणून मी त्याच निष्कर्षाकडे दुसऱ्या वाटेने जातो.

तुरुंगात दररोज शेकडो लहान निर्णय होतात. संध्याकाळच्या हजेरीला एक कैदी दोन मिनिटे उशिरा येतो. पहारेकरी त्याला दटावून सोडून देऊ शकतो किंवा नोंदवहीत आज्ञाभंग लिहू शकतो. ती नोंद पुढे शिस्तीच्या सुनावणीत जाते, तेथे चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणारी सूट कापली जाते आणि सुटकेची तारीख पुढे सरकते. शिक्षा वाढली, पण न्यायाधीशाने काहीच केले नाही. हा सारासार विचार ज्याच्यावर सोपवायचा, त्याच्या मालकाला त्या वाढलेल्या प्रत्येक दिवसाचे पैसे मिळत असतील, तर कुंपणाने शेत खाण्याची सोय आपणच करून दिली असे होते. त्यासाठी पहारेकरी दुष्ट असावा लागत नाही. त्याला तसा हुकूमही द्यावा लागत नाही. पॅरोल मंडळापुढे शिफारस करायची की नाही, एकांतकोठडीत किती दिवस ठेवायचे, असे प्रत्येक पाऊल याच तराजूत पडते. सरकारी पहारेकरीही आकसाने खोटी नोंद करू शकतो. पण कैदी अधिक दिवस राहिला म्हणून त्याच्या खात्याचा फायदा होत नाही, उलट खर्च वाढतो. अशा नोंदीमागे आकस होता की पैसा, हे कैद्याला कधीच सिद्ध करता येत नाही आणि त्याला ते सिद्ध करावे लागू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

ही नवी चिंता नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात तुरुंगाधिकाऱ्याला पगार नसे. तो कैद्यांकडून शुल्क घेऊन पोट भरत असे. १७७३ साली बेडफर्डशायरचे शेरीफ झालेल्या जॉन हॉवर्ड यांना तुरुंगांत अशी माणसे भेटली, जी निर्दोष सुटली होती, पण शुल्क भरता न आल्यामुळे आतच अडकली होती. हॉवर्ड यांच्या प्रयत्नांनी पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून निर्दोष ठरलेल्यांकडून शुल्क घेणे बंद केले.

प्रश्न : कैद्यांना काम देऊन कंपन्या त्यांना कौशल्य शिकवतात, असेही म्हणतात. मग त्यावर टीका का?

उत्तर : कामावर टीका नाही, मोबदल्यावर आणि सक्तीवर आहे. अमेरिकेतील खासगी स्थानबद्धता केंद्रांत झाडलोट, स्वयंपाक, धुलाई ही कामे तेथे ठेवलेल्या माणसांकडून दिवसाला एका डॉलरवर करून घेतली जातात. टॅकोमा येथील केंद्र चालवणाऱ्या जीईओ ग्रुपने राज्याच्या किमान वेतनाचा कायदा मोडला, असा निकाल २०२१ मध्ये ज्यूरीने दिला आणि १७ दशलक्ष डॉलरहून अधिक थकबाकी ठरवली. ही माणसे काम करत नसती, तर कंपनीला बाहेरून पगारी नोकर आणावे लागले असते. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्ये कृष्णवर्णीय कैद्यांना खाणी आणि मळ्यांना भाड्याने देत; अलाबामात ही प्रथा १९२८ पर्यंत चालली. तो काळ आणि आजचा काळ एक नाही. पण कैद्याच्या श्रमातून कोणाचा खर्च वाचतो, हा प्रश्न तेव्हाही हाच होता.

प्रश्न : असे तुरुंग बंद करून कोणी दाखवले आहे का?

उत्तर : काहींनी दाखवले आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडने २०१९ मध्ये आपले दोन्ही खासगी तुरुंग परत घेण्याचे जाहीर केले आणि ते घेतलेही. बर्मिंगहॅमचा सरकारी तुरुंग २०११ साली कंपनीकडे गेला होता. २०१६ मध्ये तेथे मोठी दंगल झाली, ऑगस्ट २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने तो ताब्यात घेतला आणि पुढे कायमचा परत घेतला. अमेरिकेत मात्र धोरण निवडणुकीगणिक उलटते. केंद्राने २०१६ मध्ये खासगी तुरुंग हळूहळू बंद करण्याचे ठरवले, २०१७ मध्ये तो निर्णय फिरवला, २०२१ मध्ये बायडेन यांनी तो पुन्हा आणला, पण स्थलांतरितांची केंद्रे त्यातून वगळली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो आदेश रद्द केला.

खासगी म्हणजे नफेखोरच, असेही नाही. ब्राझीलमध्ये १९७२ पासून विकसित झालेल्या ‘अपाक’ पद्धतीत स्वयंसेवी संघटना तुरुंग चालवतात, तेथे सशस्त्र पहारा नसतो आणि किल्ल्या कैद्यांकडेच असतात. तेथे दर दिवशीच्या खाटेवर कोणाचा लाभांश अवलंबून नाही.

याच पत्रात, तुरुंग सरकारने परत घेतला म्हणजे प्रश्न मिटला का, असेही विचारले आहे. तो मिटत नाही, कारण सरकारी तुरुंगांतही जेवण, वैद्यकीय सेवा आणि दूरध्वनी यांची कंत्राटे खासगीच असतात. अमेरिकेत कैद्याने घरी केलेल्या फोनचे दर इतके वाढले होते, की त्यांवर मर्यादा घालण्याचे अधिकार नियामक आयोगाला देणारा कायदा जानेवारी २०२३ मध्ये करावा लागला. त्या महागड्या दरातला वाटा अनेक ठिकाणी तुरुंग चालवणाऱ्या सरकारी यंत्रणेलाच कमिशन म्हणून मिळत होता.